बॅटरी बदलायची, सेल्फ भरायचा की कार्बोरेटर उघडायचा?

जुनी पेट्रोल गाडी कधी एका सेल्फमध्ये चालू होते, तर कधी दहा वेळा किल्ली फिरवली तरी ढिम्म हलत नाही. मग सल्ले सुरू होतात. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी गेली, वायरमन म्हणतो सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, उतरवून भरावा (आतली वायर नव्याने गुंडाळावी) लागेल, मिस्तरी थेट कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलायला घेतो. एमएच-19 (जळगाव) किंवा एमएच-18 (धुळे) पाटीची जुनी मारुती 800, ओम्नी किंवा झेन घरात असेल तर हे त्रांगडं तुमच्या ओळखीचं असेल. तिन्ही कामं ओळीने करून घेतली तर गाडीच्या किमतीत भर पडत नाही, फक्त खिसा हलका होतो.

पहिला निवाडा कानाने करायचा. किल्ली फिरवल्यावर सेल्फ जड, रडत फिरतो किंवा नुसतं ‘टक्’ होतं, तर खर्च विजेच्या बाजूला. सेल्फ झपाझप फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीच्या दुकानाकडे फिरकूसुद्धा नका. दोष पेट्रोलचा किंवा ठिणगीचा. कार्बोरेटरच्या गाडीला धक्का स्टार्टही चांगला साक्षीदार आहे. सेल्फ रडतो, पण दोन माणसांच्या धक्क्यात गाडी लगेच पकडते, म्हणजे प्लग आणि पेट्रोल ठीक. इंजेक्शनच्या गाडीला (जिथे कार्बोरेटरऐवजी नोझल पेट्रोल फवारतात) मात्र उठसूट धक्का मारू नये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

आता बॅटरी की सेल्फ? इथे साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी, काहीही चालू न करता, टर्मिनलवर मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून तोच आकडा बघा. भरलेली बॅटरी 9.6 च्या खाली कोसळली तर तिच्यावर संशय. पण सेल्फ आतून जाम असला तरी तो व्होल्ट ओढून खाली आणतो, म्हणून दुसऱ्या गाडीची बॅटरी केबलने जोडून पाहावं. तरीही सेल्फ रडतच फिरला, तर नवी बॅटरी घेऊन काही साधणार नाही. आणि बॅटरी बदलायचंच ठरलं, तर त्याआधी इंजिन चालू ठेवून मोजा: साधारण 13.8 ते 14.4 यायला हवं. कमी असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, नवी बॅटरीही आठवड्यात बसेल.

या दोघांच्या भांडणात तिसराच गुन्हेगार सुटून जातो, तो म्हणजे अर्थिंग, बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणारी केबल. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं, तर केबल किंवा तिचा नटबोल्ट खाल्लेला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून, आवळून घ्या. बॅटरीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ, आणि माझ्या मते सर्वात आधी करायचं काम हेच.

खानदेशात बॅटरीचं आयुष्य उन्हाळा खातो. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे गेला की बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. मार मे महिन्यात बसतो, बॅटरी जीव सोडते धुळ्याकडे पहिली थंडी पडल्यावर. म्हणून डिसेंबरातल्या सकाळी अडणारी गाडी असेल तर मी आधी बॅटरी तपासेन, मे महिन्यातल्या दुपारी अडणारी असेल तर शेवटी.

कारण उन्हाळ्यातला दुपारचा त्रास बहुतेकदा वेगळाच असतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गाडी वर चहाला थांबवली, वीस मिनिटांनी किल्ली फिरवली, सेल्फ जोरात फिरतो आणि गाडी घेत नाही. चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उष्णता उलट वाढते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनला चिकटलेला, त्यातलं पेट्रोल उकळून वाफ होते. एक तर पाइपात वाफ अडकते आणि पेट्रोल पोचत नाही, नाहीतर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं आणि प्लग ओले होतात. ओळखायला सोपं: बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा भपका आला तर प्लग भिजलेत. चोक ओढू नका, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवून सेल्फ मारा, पाय दाबू-सोडू नका. भपका नसेल तर पंपावर आणि पाइपावर ओला फडका ठेवून दहा मिनिटं थांबा. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्यावर) पाणी उडू देऊ नका. फडक्याने गाडी चालू झाली तर कार्बोरेटर खोलण्याची गरज नाही, पाइप इंजिनपासून दूर नेऊन त्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवणं पुरेसं होतं.

फडका हरला, तर कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारा भाग, बघा. जुनी कॉइल थंड असताना छान ठिणगी देते, तापली की मरगळते. स्पार्क टेस्टर लावून गाडी अडलेली असतानाच बघायचं; गॅरेजमध्ये थंड झालेल्या गाडीवर तपासणी केली तर मिस्तरी ‘सब ठीक आहे’ म्हणून परत पाठवणार, त्याचाही दोष नाही. पॉइंटच्या गाडीत (डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगीची वेळ ठरवणारा यांत्रिक स्विच असलेल्या) पॉइंट-कंडेन्सर स्वस्तात बदलून घ्या, त्यावर फार डोकं लावू नये.

इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे मारुती 800 च्या एमपीएफआय मॉडेलातही, पंप टाकीत असतो, त्यामुळे वाफेचा त्रास बराच कमी. तिथे किल्ली ऑनवर आणल्यावर मागून दोन सेकंद ‘घूंऽऽ’ येतो का, ते ऐका. येत नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप. येतो आणि तरी गरम इंजिन घेत नाही, तर इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरसारखे सेन्सर संशयाच्या यादीत. इथे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवाल्याकडे जाण्यात अर्थ आहे; कार्बोरेटरच्या गाडीत स्कॅनर जोडायला जागाच नसते, तिथे जुना मिस्तरीच बरा.

आणि काहीही उघडण्याआधी रबरी पेट्रोल पाइप बोटांनी दाबून बघा. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. पाइप चिकट, फुगलेला किंवा भेगाळलेला लागला तर तो त्याच दिवशी बदला. इंजिन थंड असताना, बिडी पेटवणाऱ्याला लांब उभं करून.