झाड एक नंबर, सल्ला मात्र काकांनाच विचारा

सोलापूर रोडच्या एका नर्सरीतून क्लिविया नावाचं फुलझाड आणलं, ६५० रुपये, जरा महागच, पण पानं काय सुंदर होती, गडद हिरवी पट्ट्यासारखी, एकपण डाग नाही. तिथला पोरगा म्हणाला "भरपूर ऊन द्या ताई, फुलं येतील" आणि मी शहाणीने ठेवलं पश्चिमेच्या बाल्कनीत!! आठ दिवसांत पान जिथे वाकतं ना, बरोब्बर तिथे आधी पांढुरका चट्टा आणि मग तपकिरी, भाजलेल्या पापडासारखा. अहो हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं, त्याला पुण्याचं दुपारचं ऊन कसं झेपेल.

नर्सरीत फोन केला तर म्हणे पाणी वाढवा. नशीब ऐकलं नाही, याची मुळं जाडजूड, पाणी साठवून ठेवणारी, सारखं ओलं राहिलं की कुजतात. शेवटी कुंडी घेऊन गेले तर मालक काका भेटले, त्यांनी झाड उपसून मुळं दाबून दाखवली, पांढरी नि टणक म्हणजे ठीक, मऊ तपकिरी असती तर कापावी लागली असती. पानांची नुसती टोकं जळली तर बरेचदा खत जास्त झालेलं असतं किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार, आणि सगळ्यात खालचं जुनं पान वाळलं तर ते वयाने, टेन्शन नाही.

आता उत्तरेच्या खिडकीत आहे, वरची माती सुकली की मगच पाणी, नवीन पानं स्वच्छ येतायत. जुने चट्टे तसेच राहणार.

झाडाला ५ स्टार, काकांना ५, पोराला २.