१६२ सामने आणि पाच सामने

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या २०२२ च्या नियमित हंगामात लॉस एंजेलिस डॉजर्सनी १६२ पैकी १११ सामने जिंकले, सॅन डिएगो पॅड्रेसनी ८९. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, पाच सामन्यांच्या मालिकेत मात्र पॅड्रेसनीच त्यांना ३-१ असं गारद केलं. सहा महिन्यांच्या हंगामात आळीपाळीने चेंडू फेकणाऱ्यांतला पाचवा पिचर आणि राखीव फळी कामी येते. छोट्या मालिकेत मधे सुट्टीचे दिवस असतात, त्यामुळे समोरचा संघ आपले तीन-चार उत्तम पिचरच आलटून पालटून उतरवतो. राखीव फळीची श्रीमंती बाकावरच राहते. शिवाय १११ विजयांसोबत ५१ पराभव होतेच की! हंगामात लागोपाठ तीन सामने हरले तरी सावरता येतं, इथे तीन हरले की खेळ संपला. माझ्या मते खरा कस १६२ सामन्यांतच लागतो. ऑक्टोबरमधल्या प्लेऑफची धडधड त्यात नाही, हेही तितकंच खरं.