आप्रवासी घाट, पोर्ट लुई : सवड काढून पाहावे असे संग्रहालय

भारतातून करारावर आणलेले मजूर जहाजातून जिथे उतरत, त्या या घाटाच्या पायऱ्यांकडे जाण्याआधी लगतच्या बिक्रमसिंग रामलाला माहिती केंद्रात जावे, अशी मॉरिशसला निघालेल्या प्रत्येक मराठी पर्यटकाला माझी आग्रहाची विनंती आहे. आमच्या सहल आयोजकाने या स्थळासाठी जेमतेम अर्धा तास ठेवला होता. त्या घाईत आम्हाला पडक्या भिंतींपलीकडे काहीच उमगले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटा पुन्हा गेलो आणि दुपारपर्यंत तिथेच रमलो. प्रवेशाला शुल्क नाही.

गुलामगिरी संपवताना उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू नयेत, म्हणून ब्रिटिशांनी करारबद्ध मजुरीची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने बांधून मजूर परदेशी नेण्याची पद्धत मॉरिशसमध्ये अजमावून पाहिली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर उतरले आणि पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर आली. त्यांत बिहारकडची माणसे सर्वाधिक असली, तरी मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणेशचतुर्थी साजरी करतात.

केंद्रात मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले ते नोंदींच्या कागदांनी. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण आणि या साऱ्याच्या वर एक क्रमांक! आडनावाला त्या रकान्यांत जागाच नव्हती, त्यामुळे अनेक कुटुंबांत आजोबा-पणजोबांचे पाळण्यातले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. वंशावळीची ओढ असणाऱ्यांनी मोका येथील महात्मा गांधी संस्थेची माहिती आधीच काढून ठेवावी, कारण मूळ नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत.

हे सारे वाचून बाहेर आलो, तेव्हा आदल्या दिवशी नुसते दगड वाटलेले अवशेष ओळखीचे झाले होते : इथे स्वयंपाकघर, इथे शौचालये, इथे रुग्णालयाची इमारत, इथे माणसे दोन रात्री काढत आणि मग मळ्यांवर धाडली जात. मजुरांना उतरवून घेण्यासाठी १८४९ पासून उभारलेल्या या तळाचा बराचसा भाग पुढे नष्ट झाला, काही भाग तर महामार्गाखाली गेला. पण धक्क्याच्या पायऱ्या शिल्लक आहेत, याबद्दल फार कृतज्ञता वाटते. त्यांचा काळा दगड थेट आपल्या सह्याद्रीतल्या दगडासारखा दिसतो. कोकणातून आलेल्या माणसाने जहाजातून उतरून त्यावर पाय ठेवला असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल, या विचाराने मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

युनेस्कोने २००६ मध्ये या स्थळाला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. आवार लहान आहे, भव्यतेच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होऊ शकते. मुलांना मात्र जरूर न्यावे आणि सकाळी लवकर जावे, कारण अवशेष उघड्यावर असल्याने दुपारचे ऊन सोसत नाही.