कॉन्टेसाचा नवा रंग: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

माझ्या कॉन्टेसा गाडीचा काळ्या पट्ट्यांचा मरून रंग नागपूरच्या उन्हात टिकला का, असं भेटेल तो विचारतो. टिकला. मला लिहायचंय ते मागच्या काचेच्या रबराबद्दल, कारण त्या रबरापायी मला रंगाचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागला.

गाडी कॉन्टेसा क्लासिक, १.८ लिटर इसुझु इंजिनाची. इंजिन ठणठणीत आहे, त्याला हात लावला नाही. रूपाचं म्हणाल तर लांब बॉनेट आणि चार गोल दिवे या गाडीला मुळातच आहेत. १९७०च्या दशकातल्या व्हॉक्सहॉल या ब्रिटिश गाडीचा हा साचा हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ पासून बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात वापरला. त्यामुळे स्पॉयलर वगैरे काही लावलं नाही. जुना रंग पत्र्यापर्यंत काढला, मरून मेटॅलिक मारला, बॉनेटवर दोन काळे पट्टे दिले. बंपरला तांबं, निकेल आणि वर क्रोम असे तिन्ही थर नव्यानं चढवले. पांढऱ्याची मरून झाली म्हणून आरसीवर रंगाची नोंदही बदलून घेतली. अलॉय व्हील ठीक आहेत.

हिवाळ्यात वर्धा रोडवर गाडी काढली की लोक सिग्नलला काच खाली करून बघायचे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तरी बॉनेटवरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जसाच्या तसा. तेव्हा हे लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

जुलैत मागच्या काचेखाली फुगे आले. आधी वाटलं, पेंटरनं हलका माल वापरला. त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "भाऊ, रंगाची काही तक्रार नाही, पाणी येऊन राह्यलं कुठून तरी." मला ते पटेना. मग दुसऱ्या मिस्त्रीकडून काच उतरवून घेतली. जुनंच रबर परत बसवलेलं होतं, वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखं कडक. कोपऱ्यात आक्रसून फट पडली होती. पावसाचं पाणी त्या खाचेत साचायचं. खाली पुट्टी थेट पत्र्यावर भरलेली, मध्ये इपॉक्सी प्रायमर, म्हणजे पत्र्याला पाण्यापासून वाचवणारं अस्तर, नाही. पुट्टी पाणी शोषते, पत्रा गंजतो आणि वरचा चांगला रंग उचलला जातो.

म्हणजे रंगाच्या मालाबद्दल पेंटर खरं बोलत होता, आणि ते मी त्याला जाऊन सांगितलं. पण रबर बदला असं मी काम देतानाच म्हटलं होतं. "चांगलंच आहे, काऊन खर्च करता?" हे उत्तर त्याचंच. काही शे रुपयांच्या रबरासाठी मागचा सगळा भाग पुन्हा खरवडावा लागला. मेटॅलिकमध्ये एवढ्याशा जागेचा पॅच जुळत नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या कणांची चमक वेगळी दिसते. म्हणून डिकीचं झाकण आणि दोन्ही बाजूंपर्यंत रंग पसरवून न्यावा लागला. पेंटरच्या गॅरेजनं अर्धीच मजुरी घेतली. माल माझ्या खिशातून.

नवं रबर मी स्वतः इतवारीत फिरून आणलं, दाबून, वाकवून बघितलं, आणि काच बसवताना शेवटपर्यंत उभा राहिलो. त्यानंतरच्या पावसात आत थेंब नाही. पुढच्या काचेचं आणि चारही दारांचं रबर अजून जुनंच आहे, ते दिवाळीआधी बदलणार. रंगाला पुन्हा त्याच पेंटरकडे जाईन. काच मात्र त्याला उतरवू देणार नाही.