स्फिंक्स: मॅन्युअलमधली चूक बाहेर जाण्याआधी अडवणारं साधन

"बाय, तें बटण खंय आसा?" म्हापशातल्या एका फार्मसीवाल्यांचा फोन होता. चवथीला चार दिवस राहिलेले, दुकानात गिऱ्हाइकांची रांग, आणि ते शोधत होते ते बटण आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून दोन आवृत्त्यांपूर्वीच गेलेलं. मॅन्युअलमध्ये मात्र ते चित्रासकट होतं. प्रोग्रामरने बदल केला, मला कुणी सांगितलं नाही, आणि माझी वर्डची फाईल तशीच राहिली. त्या माणसाने माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला होता, हे मला फार लागलं.

त्यानंतर मी सगळं लिखाण स्फिंक्सवर नेलं. पायथन भाषेच्या दस्तऐवजांसाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी ते तयार केलं आणि 2008मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. पैसे पडत नाहीत. आपण साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या, त्यातून वेबपानं, पीडीएफ आणि ईपब (ई-पुस्तक) तयार होतं. फायली साध्या असल्यामुळे त्या कोडच्या शेजारीच गिटमध्ये, म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, राहतात. पावसात फोंड्याला वीज गेली, नेट गेलं, तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर माझं काम चालू असतं.

पण मला त्याचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. बटणांची नावं मी आता हाताने टाइप करत नाही. प्रोग्रामरांच्याच फाईलमधून एक छोटी स्क्रिप्ट ती उचलते, मजकुरात मी फक्त खूण ठेवते. नाव बदललं की मॅन्युअलमध्येही बदलतं. बटणच काढून टाकलं, तर ती खूण कशालाच लागत नाही आणि स्फिंक्स कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीत अडलं ते दाखवतं. स्फिंक्सने दिलेल्या अशा प्रत्येक इशाऱ्याच्या सूचनेला चूक धरण्याचा पर्याय चालू केला असेल, तर बिल्डच, म्हणजे फायलींतून पानं तयार करण्याची क्रियाच, नापास होते आणि जुनं पान गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. कॉन्फिगरेशनचे (सॉफ्टवेअरच्या मांडणीचे) नमुनेही 'लिटरलइन्क्लूड' या आज्ञेने थेट खऱ्या फाईलमधून येतात.

भाषांतराची सोय त्याहून आवडली. आमचं मॅन्युअल इंग्रजी आणि मराठी, दोन्हीत निघतं. मूळ वाक्य बदललं की जुन्या भाषांतरावर 'फझी', म्हणजे पुन्हा तपासायला हवं, असा शिक्का बसतो आणि मी ते तपासेपर्यंत मराठी पानावर इंग्रजी वाक्य दिसतं. वाचणाऱ्याला खटकतं खरं, पण त्याची फसवणूक होत नाही.

उणिवा आहेत, आणि मराठीत लिहिणाऱ्याला त्या जास्त जाणवतात. शोधाच्या सोयीत इंग्रजी, जर्मन, रशियन शब्दांची रूपं ओळखली जातात. मराठी त्या यादीत नाही. म्हणून 'पावती' आणि 'पावत्या' हा एकच शब्द आहे हे शोधपेटीला कळत नाही. मी दर प्रकरणाखाली हाताने शब्दसूची जोडते, त्यात वेळ जातो. पीडीएफसाठी झेलाटेक हे पानं जुळवणारं साधन निवडून देवनागरी फॉन्ट स्वतः नेमावा लागतो. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टची, म्हणजे स्फिंक्सच्या फायली लिहिण्याच्या खुणांच्या पद्धतीची, सवय व्हायला मला महिना लागला: एक मोकळी ओळ सोडायची राहिली की यादी बिघडते, आणि तक्ते काढणं तर छळच. तक्त्यांसाठी 'लिस्ट-टेबल' ही आज्ञा वापरा, डोकं शांत राहतं. मार्कडाउन या दुसऱ्या, सोप्या खुणांच्या पद्धतीची सवय असेल तर मिस्ट हे जोडसाधन लावून तेही चालतं.

एकट्याने दहा पानांचं माहितीपत्रक करायचं असेल तर एवढा खटाटोप नको. पण सॉफ्टवेअर दर महिन्याला बदलत असेल आणि त्याच्यावर कुणाचं दुकान चालत असेल, तर मी दुसरं काही सुचवणार नाही. एक मात्र करा. सूचनांना चूक धरण्याचा तो पर्याय पहिल्या दिवशीच चालू करा. मी तो सहा महिन्यांनी केला, तेव्हा दोनशेवर सूचना निघाल्या, आणि त्यातल्या अकरा अशा बटणांच्या होत्या जी आता कुठेच नव्हती.