शहर, घाट की तलाव: दक्षिण कोकणात छोटे आलिशान हॉटेल निवडताना

मी कुडाळला राहत असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन वर्षभर येतात. तीन-चार रात्री काढायच्या आहेत, हॉटेल लहान आणि शांत हवे, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण सोयींत काही उणे नको, अशी त्यांची मागणी असते. समुद्रकिनारा बहुतेकांचा पाहून झालेला असतो. म्हणून येथे किनारा बाजूला ठेवून सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्याच तीन ठिकाणांचा विचार केला आहे: सावंतवाडी शहर, आंबोलीचा घाटमाथा आणि धामापूरच्या तलावाचा परिसर.

आठ-दहा खोल्यांच्या स्वतंत्र हॉटेलामागे मोठ्या साखळीचे नाव नसते, त्यामुळे कोणत्या गावी काय मिळेल याची ठरलेली हमीही नसते. मालक स्वतः तेथे राहतो का, स्वयंपाकघर कोणाच्या हातात आहे आणि वीज गेली तर पुढे काय, या गोष्टींवर तुमचे तीन दिवस कसे जातील ते ठरते. छायाचित्रांतून यांपैकी काहीच कळत नाही, म्हणून बुकिंगच्या संकेतस्थळावर खोली पसंत केली तरी पैसे भरण्यापूर्वी हॉटेलात थेट फोन करावा, हे माझे पहिले सांगणे असते.

सावंतवाडीत शहर आणि पाणी दोन्ही एकत्र मिळतात. १८७४ साली बांधलेला मोती तलाव शहराच्या मध्यभागी आहे आणि समोर सावंतवाडी संस्थानचे राजे तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीतला राजवाडा. राजघराण्याने राजवाड्याच्या आवारात सुरू केलेल्या छोट्या हॉटेलात गंजिफाच्या पत्त्यांवरील चित्रांचा आधार घेऊन खोल्या सजवल्या आहेत. ज्यांना जुन्या वास्तूत राहण्याची खरी ओढ आहे त्यांनी शोधाची सुरुवात तेथून करावी. गोल गंजिफा हाताने रंगवणारे कारागीर तेथेच काम करताना दिसतात आणि लाकडी खेळण्यांची चितार आळीही जवळच आहे. संध्याकाळी तलावाभोवती फेरी मारून परतताना पाण्यात हलणारे दिवे पाहिले, की इथले लोक या तलावाला इतका जीव का लावतात ते कळते.

शहरात खोली घेताना तलावासमोरची मिळाली म्हणून लगेच हरखून जाऊ नये. तलावाभोवतीचा रस्ता वाहता आहे, त्यामुळे झोप सावध असणाऱ्यांनी मागच्या अंगणाकडची खोली मागून घ्यावी. ‘हेरिटेज’ या शब्दाचीही चौकशी करावी. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत १९५० पूर्वी बांधलेल्या वास्तूंनाच हा दर्जा मिळू शकतो. जुन्या वाड्याचे दरवाजे आणून बसवलेला नवा बंगला देखणा असेल, पण त्याला चिऱ्याच्या जाड भिंतींचा गारवा नसतो आणि मे महिन्यात हा फरक चांगलाच जाणवतो. इमारत कोणत्या साली बांधली, एवढे विचारले तरी पुरते.

सावंतवाडीहून आंबोली साधारण तीस किलोमीटरवर आहे, पण समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर असल्यामुळे हवा पार बदलते. येथे वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा नुसता कौतुकाचा नाही, हॉटेल निवडताना तोच मुख्य मुद्दा आहे. एका जुलैत मी येथे एका महागड्या हॉटेलात उतरलो होतो. खोली सुंदर होती, पलंग शिसवी होता, पण पांघरूण उघडताच कुबट वास आला, उशीचा अभ्रा हाताला थंड आणि दमट लागला आणि काडेपेटीची एकही काडी पेटेना. गरम पाणी सौर यंत्रणेवर होते आणि सूर्य कित्येक दिवसांत दिसलेला नव्हता. त्या हॉटेलातली माणसे अगत्यशील होती, तरी ओल आटोक्यात ठेवण्याची सोयच नसेल तर अगत्य तरी कुठवर पुरणार?

म्हणून आंबोलीला फोन करताना माझे प्रश्न ठरलेले असतात. खोलीत हवेतली ओल काढणारे यंत्र किंवा निदान हीटर आहे का? पाण्यासाठी विजेचा गीझर आहे का आणि वीज गेल्यावर तो जनरेटरवर चालतो का? चादरी कोठे वाळवतात? हा शेवटचा प्रश्न ऐकून काहींना नवल वाटते, पण ज्याने त्याची नीट व्यवस्था केली आहे तो मालक मोठ्या उत्साहाने उत्तर देतो, आणि त्या उत्तरावरून बाकीच्या व्यवस्थेचाही अंदाज येतो. दरी दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे जुलै-ऑगस्टमध्ये मोजू नयेत. तेव्हा खिडकीबाहेर बहुतेक वेळा धुकेच असते. तीच खोली ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र दिलेल्या पैशाचे चीज करते.

पावसात आंबोलीला जावेच असे वाटण्याचे खरे कारण निराळे आहे. आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला छोटा, बेडकासारखा भेक २००९ मध्ये विज्ञानाला नव्याने ज्ञात झाला, आणि हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी सापडलेल्या माशाच्या नव्या प्रजातीमुळे ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचे घरटे करतो आणि त्यातली पिल्ले थेट खालच्या पाण्यात पडतात. ज्या हॉटेलाने आवारातले जुने टाके आणि त्यावरची झाडे जपली आहेत आणि रात्री टॉर्च घेऊन जाणकार माणूस सोबत देण्याची सोय केली आहे, ते मला तरणतलाव असलेल्या हॉटेलापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, तेव्हा सोमवार ते गुरुवार हाच काळ निवडावा. घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाल्यास पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, हे आधीच लेखी घ्यावे.

धामापूरचा तलाव १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवती देवीचे मंदिर आहे. तिन्ही बाजूंच्या डोंगरांची गर्द सावली पाण्यावर उतरते. ‘तलावाकाठी’ म्हणून जाहिरात केलेली खोली पाण्यापासून चालत किती मिनिटांवर आहे, हे मात्र विचारून घ्यावे, कारण बरेच मुक्काम कुडाळ किंवा मालवणच्या बाजूला असतात. संध्याकाळी बाहेर जेवायला जावे असे जवळपास फारसे काही नाही, त्यामुळे दोन्ही वेळचे जेवण तेथेच असेल असे हॉटेल घ्यावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळातही ताज्या सुरमईचे वचन देणाऱ्यापेक्षा खाडीचे किंवा सुके मासे आणि कुळथाची पिठी मिळेल असे सरळ सांगणाऱ्या घरावर माझा अधिक विश्वास बसतो.

खर्चाविषयी एक हिशेब तिन्ही ठिकाणी लागू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के आणि त्यावरच्या खोलीवर अठरा टक्के जीएसटी आहे. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकापायी जवळपास बाराशे रुपये जास्त जातात. सीमेवरचा दर असेल तर मालकाशी मोकळेपणाने बोलावे. ड्रायव्हर सोबत असेल तर त्याच्या झोपण्या-जेवणाची सोय कशी आहे, हेही त्याच फोनवर विचारावे. छोट्या हॉटेलांत ती गृहीत धरता येत नाही आणि रात्रभर गाडीत अवघडून झोपलेल्या माणसाने सकाळी घाटात गाडी चालवणे योग्य नाही.

वयस्कर आईवडिलांना नेणार असाल तर मी सावंतवाडी सुचवेन, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तळमजल्याची खोली घेऊन. धामापूर तेथून दिवसभरात पाहून होते. नवराबायको दोघेच असाल, पावसाची आवड असेल आणि रात्री चिखलात चालायची तयारी असेल, तर आंबोलीला दोन रात्री तरी द्याव्यात, कारण पहिली रात्र पावसाच्या आवाजाची सवय होण्यातच जाते. धामापूरला मुक्काम त्यांनीच करावा ज्यांना हातात पुस्तक घेऊन दिवसभर एका जागी बसता येते. लहान मुले सोबत असतील तर तेथे राहू नये. पाणी खोल आहे आणि मुलांवरची नजर क्षणभरही हटवता येत नाही.