विली नेल्सनची ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ एलपी : पावसाळाभर ऐकल्यानंतर

विली नेल्सन हा अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकपरंपरेतून आलेल्या गाण्यांचा, गायक-गीतकार. त्याच्या या तबकडीबद्दल आधी व्यवहाराचं सांगते. एलपी बाहेरून आलेली, त्यामुळे स्वस्त नाही, आणि दोन्ही बाजू मिळून जेमतेम अर्ध्या तासाचा ऐवज. पहिली प्रत वाकलेली निघाली, विक्रेत्याने कुरकुरत बदलून दिली. दुसरी सपाट आहे. पण यात वाद्यं इतकी कमी आहेत, की धुळीचा एकेक कण कानाला कळतो. भरगच्च वाद्यमेळाच्या रेकॉर्डवर खरखर झाकली जाते, इथे नाही. सुई आणि तबकडी दर वेळी पुसायची तयारी असेल तरच घ्या.

हा विरळपणा मुद्दाम ठेवलेला आहे. १९७५ साली टेक्सासमधल्या गार्लंडच्या एका स्टुडिओत विलीने हे सगळं सुमारे ४,००० डॉलरमध्ये उरकलं. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना वाटलं हा कच्चा नमुना आहे, खरं ध्वनिमुद्रण अजून व्हायचंय. पण करारात शेवटचा शब्द विलीचा होता, म्हणून जसं होतं तसंच बाजारात आलं. त्यातलं ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे फ्रेड रोझचं जुनं गाणं. गायक म्हणून विलीला कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला तो याच गाण्याने, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याची स्वतःची ‘क्रेझी’ आणि ‘हॅलो वॉल्स’ ही गाणी तर पॅट्सी क्लाइन आणि फॅरन यंग यांनी १९६१ मध्येच गाजवली होती. नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीच्या राजधानीतल्या रेकॉर्ड कंपन्यांना, त्याची गाणी हवी होती, गळा नको होता.

का नको होता, ते मला पहिल्या आठवड्यातच पटलं. हा माणूस ठेक्याला धरून गातच नाही! ओळ उशिरा उचलतो, मध्येच शब्द घाईने उरकतो, कुठे नुसता बोलतो. मला ते सैल वाटत होतं. मग कधीतरी लक्षात आलं की गिटार आणि बास लय सांभाळून आहेत आणि हा वर मोकळा फिरून नेमका हवा तिथे उतरतो. ख्याल ऐकायची सवय असलेल्यांना ही गंमत सांगायला नको. त्याने ती अर्थात आपल्याकडून घेतलेली नाही. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राची शब्दफेक त्याला फार प्रिय.

बाकीचे संस्कार टेक्सासमधल्या ॲबट गावचे. १९३३ चा जन्म, आजी-आजोबांनी वाढवलं, सहाव्या वर्षी हातात गिटार, शेतात कापूस वेचणी, रेडिओवर बॉब विल्स आणि अर्नेस्ट टब हे कंट्रीतले कलाकार. दहाबारा वर्षांचा पोरगा चेक वंशाच्या स्थलांतरितांच्या पोल्का (एक युरोपीय नाच) वाजवणाऱ्या बँडमध्ये वाजवायचा. हे सगळं या तबकडीत सापडतं. पहिल्या बाजूच्या शेवटी चर्चमधलं भजन नुसतं वाद्यांवर येतं. दुसऱ्या बाजूला हुवेंतिनो रोसास या मेक्सिकन संगीतकाराचं वॉल्ट्झ (तीनच्या ठेक्यातलं नृत्यसंगीत) आणि लगेच ‘डाउन याँडर’, ज्यात थोरली बहीण बॉबी पियानोवर धमाल करते. गिटार मात्र कंट्रीतल्या नेहमीच्या पोलादी तारांची नाही. नायलॉनच्या तारांची ही मार्टिन, नाव ‘ट्रिगर’, १९६९ मध्ये घेतलेली. १९७० मध्ये घराला आग लागली तेव्हा त्याने ती आत घुसून बाहेर काढली. तिच्या तुटक, वेड्यावाकड्या तानांमागे जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट आहे. विलीने त्याला नेहमीच गुरुस्थानी मानलंय.

आता खटकलेलं. गोष्ट आहे एका धर्मोपदेशकाची. बायको सोडून जाते, तो तिला आणि तिच्या प्रियकराला गोळी घालतो आणि घोडा घेऊन भटकत राहतो. शीर्षकगीतात एक बाई त्याच्या दुसऱ्या घोड्याला हात लावते म्हणून तिलाही मारतो, आणि गाव त्याला सोडून देतं. हे गाणं विली झोपताना आपल्या पोरांना म्हणून दाखवायचा म्हणे. मला मात्र दर वेळी तिथे अडखळायला होतं. जुन्या कथागीतांत असंच असतं, हे मान्य करूनही. मारल्या गेलेल्या बायांना इथे एकही ओळ मिळत नाही. आणखी एक, दुसरी बाजू मध्यानंतर रेंगाळते. स्वयंपाक करता करता ऐकलं तर काही हाती लागत नाही, बसूनच ऐकायला हवं.

कंट्री कधीच ऐकलं नसेल तर यापासून सुरुवात करू नका. १९७८ ची ‘स्टारडस्ट’ घ्या. जुनी अमेरिकन गाणी, बुकर टी. जोन्सची निर्मिती, पहिल्याच ऐकण्यात आवडेल अशी. मी सध्या १९७४ ची ‘फेजेस अँड स्टेजेस’ शोधते आहे. एका घटस्फोटाची गोष्ट, आणि तबकडीची एक अख्खी बाजू बायकोच्या तोंडून. बऱ्या अवस्थेतली प्रत कुणाकडे विकायची असेल तर कळवा.